वहिनीची गप्प परीक्षा

माझी वहिनी बोलते. तिला ओळखणाऱ्यांना एवढं वाक्य पुरेल, पण तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून जरा खोलात शिरते. तिला एखाद्या दुकानाचा पत्ता विचारा. आधी ती ते दुकान पूर्वी कुठे होतं ते सांगेल, मग ते तिथून का हललं, मग नव्या जागेतला जिना किती अवघड आहे, आणि मग पत्ता. गंमत अशी, की माणूस पोचतो बरोबर.

मी तिची नणंद. मी नोकरीभर ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, तोंड मिटून घ्यायचं, आणि तो काय चुकतो ते बघायचं. लोक मला पाठीमागे 'नापासबाई' म्हणायचे. समोर म्हणायची कोणाची टाप नव्हती. एक सतत बोलणारी आणि एक सतत गुण कापणारी, अशा आम्ही दोघी एका घराण्यात पडलो. आमचं कसं जमत असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

वहिनी पूर्वी घरगुती उपकरणांच्या कारखान्यात माहितीपत्रकं लिहायची. इस्त्रीच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो ना, जो आपण न वाचता कचऱ्यात टाकतो, तो. 'पाणी भरण्यापूर्वी प्लग काढा. काढला? परत बघा.' यातलं 'परत बघा' तिचं. साहेबांनी ते तीनदा खोडलं आणि तिनं ते चारदा लिहिलं. पण तिच्या मनात एक सल होता. एका पंख्याच्या पत्रकात दोन पायऱ्या उलटसुलट छापल्या गेल्या होत्या आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. कोणी एका शब्दानं कळवलं नाही. "म्हणजे वन्सं, एक तर कोणी वाचलं नाही, नाही तर वाचून प्रत्येकजण आपापल्या घरी मला शिव्या घालत बसला. कागदाला काय, तो खोटं बोलून गप्प राहतो."

कारखाना दुसऱ्या गावी गेला तेव्हा तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. घरी बसेल असं आम्हाला वाटलं. बाईसाहेब उठल्या आणि एका शिकवणाऱ्या संस्थेत जाऊन चिकटल्या. टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. छोटे व्यवसाय करणाऱ्या लोकांना, म्हणजे शिंपी, फुलवाल्या, रंगारी अशांना, कॉम्प्युटरवर स्वतःपुरतं प्रोग्रॅमिंग शिकवायचं, असा तिथला उद्योग. तिथे वहिनीला धडे लिहायचं काम मिळालं आणि ती आनंदानं न्हाऊन निघाली.

कारण हे धडे म्हणजे नुसता मजकूर नव्हता. पडद्यावर एक परिच्छेद, त्याखाली एक चौकट, चौकटीत दोन-तीन ओळींचा कोड, शेजारी बटण. बटण दाबलं की कोड तिथल्या तिथे चालतो आणि उत्तर खाली उमटतं. मग पुढचा परिच्छेद, पुढची चौकट. वाचत जायचं आणि चालवत जायचं. चौकटीतला आकडा बदलून आपल्या मनाचा घालायचा आणि परत बटण दाबायचं. मला तिनं हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तिचे डोळे लुकलुकत होते. "बघा, यात खोटं बोलायची सोयच नाही. मी चुकीचं लिहिलं तर लगेच, तिथेच, सगळ्यांदेखत पितळ उघडं."

"मग परिच्छेद कशाला? नुसत्या चौकटी दे की," मी म्हणाले.

"चौकटीत काय करायचं ते असतं. का करायचं ते कोण सांगणार? तुमचा भाऊ?"

माझा भाऊ, म्हणजे दादा, कोणालाच काही सांगत नाही. औषधांच्या दुकानात जन्म काढला. डॉक्टरांचं अक्षर वाचायची सवय, त्यामुळे अर्ध्या रेघेवरून पूर्ण शब्द ओळखतो. वहिनीनं "अहो, ते..." म्हटलं की तो चष्मा आणून देतो. ती "काल तिथे..." म्हणाली की तो "हो, बंद केलं" म्हणतो. बाहेरच्याला वाटावं, ही काय सांकेतिक भाषा आहे! निवृत्त झाल्यावर दादाला तिनं आपला परीक्षक नेमलं. प्रत्येक धडा लिहून झाला की तो दादाच्या लॅपटॉपवर पाठवायचा. दादा आतल्या खोलीत बसून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "झालं."

"कुठे अडलं?"

"नाही."

सात धडे असे 'झालं' होऊन गेले. वहिनी हवेत होती.

या संस्थेत एक रीत आहे. तिला ते 'गप्प परीक्षा' म्हणतात. नव्या धड्यांपुढे अनोळखी माणसं बसवायची आणि ज्यानं धडे लिहिले त्यानं त्याच खोलीत, मागच्या खुर्चीवर बसायचं. फक्त बोलायचं नाही. कोणी अडलं, कोणी वैतागलं, कोणी उठून चाललं, तरी चकार शब्द काढायचा नाही. पानावर जे आहे तेवढ्यावरच माणूस शेवटाला पोचला पाहिजे. मला ही रीत ऐकताक्षणी पटली. वहिनीला मात्र नुसत्या कल्पनेनंच धाप लागली.

त्यात संचालकांची एक वेगळीच गडबड चालू होती. तरुण माणूस, मनानं वाईट नाही, पण कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की हल्ली लोक वाचत नाहीत, त्यांना व्हिडिओ लागतात. तयार व्हिडिओ बाहेरून मिळत होते. गप्प परीक्षेत लोक शेवटापर्यंत पोचले तर वहिनीचे धडे राहतील. नाहीतर व्हिडिओ येतील आणि वहिनीची खुर्ची जाईल. तसं त्यांनी तिला नीट बसवून सांगितलं होतं. आणि वर सुचवलंही होतं, "तुमचा मजकूर जरा कापा. फार बोलता तुम्ही." तिनं निमूटपणे कापला आणि कापलेले धडे पुन्हा एकदा दादाकडून 'झालं' करून घेतले.

परीक्षेच्या दिवशी काय झालं ते मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की मी तिथे हजर नव्हते हेच विसरायला होतं. पहिला धडा खिडकीच्या पडद्यांचा होता. खिडकीची उंची सांगा, रुंदी सांगा, कापड किती लागेल ते काढा. पहिली चौकट छान चालली. दुसऱ्या चौकटीत एकच ओळ होती:

कापड = उंची + दुमड

सगळ्यांनी बटण दाबलं आणि सगळ्यांच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. मशीन म्हणत होतं, दुमड म्हणजे काय ते मला माहीत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. एका शिंप्यानं बटण जोरात दाबून पाहिलं. पुढच्या रांगेत एक फुलवाली बसली होती. दुकान बहिणीवर सोपवून आली होती बिचारी. तिनं बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, मग हात मांडीवर घेतले आणि शेजारणीला म्हणाली, "माझंच डोकं चालत नाही गं. मला शाळेतही असंच व्हायचं."

आणि वहिनीला बोलता येत नव्हतं.

"चूक माझी आणि ती बाई स्वतःला दोष देत होती, वन्सं! आणि मी मागे दगडासारखी!" हे सांगताना तिचा आवाज दर वेळी फाटतो. दुसऱ्या दिवशी ती त्या बाईचं दुकान शोधत गेली, चूक माझी होती म्हणून सांगून आली, आणि येताना भारंभार फुलं घेऊन आली. घरात बादलीसुद्धा रिकामी राहिली नाही.

पण त्याआधी, परीक्षेच्याच संध्याकाळी, ती घरी येऊन स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसली आणि तोच धडा चालवला. सुरळीत चालला! पुन्हा चालवला. पुन्हा चाललाच. तिला वाटलं, आपल्याला वेड लागलंय. मग हळूहळू उलगडा झाला. मजकूर कापताना तिनं दुमडीचा अख्खा परिच्छेद उडवला होता, आणि त्याच्याखालची 'दुमड = 20' ही चौकटही त्याच्याबरोबर गेली होती. पण तिच्या मशीनला ती पूर्वी एकदा सांगून झाली होती. ही बाई मशीन कधी बंदच करत नाही, नुसतं झाकण लावते. त्यामुळे पानावरून पुसलेलं मशीनच्या डोक्यात तसंच राहिलं होतं. नव्या मशीनला ते कुठून माहीत असणार?

एवढं समजल्यावर तिनं मान वर केली आणि हाक मारली, "अहो!"

दादाचं मशीन तर वेगळं होतं. तिथे धडा 'झालं' कसा झाला?

त्या वेळी मी योगायोगानं हजर होते. माझ्या गळक्या नळासाठी त्यांच्याकडून नेलेला पाना परत करायला आले होते. दादा दारात उभा राहिला. चष्मा पुसायला लागला. घरातल्यांना ठाऊक आहे, दादा चष्मा पुसायला लागला की काहीतरी लपवतोय.

"लाल आलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय, दुमड वीस असणार. आपल्या पडद्यांना तू तेवढीच ठेवतेस. मी लिहून टाकलं आणि पुढे गेलो."

"आणि मला 'झालं' म्हणालात?"

"झालंच होतं की."

"बाकीच्या धड्यांत?"

चष्मा आणखी पुसला गेला. "तिसऱ्यात दोन ठिकाणी. पाचव्यात तू उलट लिहिलं होतंस, ते सुलट केलं. अगं, तुला काय म्हणायचंय ते मला कळतंच."

"कळतं म्हणूनच घात झाला ना!" वहिनी ओरडली. मी तिला रागावलेली पुष्कळदा पाहिली होती, पण त्यातली बरीचशी माझ्यावर. दादावर ओरडताना पहिल्यांदाच पाहिली. खोटं कशाला सांगू, जरा मजा आली.

दादा आत निघून गेला. वहिनी माझ्याकडे वळली. संचालकांनी महिन्याभरानं आणखी एक परीक्षा देऊ केली होती, माणसं नवीन, अट तीच. शेवटची संधी.

"वन्सं, तुम्ही वाचाल?"

"मी? मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"तेच हवंय मला. आणि तुम्ही मला एका अक्षराची सवलत देणार नाही."

हे मात्र तिनं अचूक ओळखलं होतं. तरी मी आढेवेढे घेतले. तेव्हा ती खुर्चीत बसली आणि एकदम हळू आवाजात बोलली, जे तिच्या बाबतीत फारच क्वचित घडतं. "मला काढलं तर मी घरी करू काय? यांना सगळं न बोलता कळतं. सांगायला काही उरतच नाही हो. तिथे निदान अशी माणसं आहेत ज्यांना मला सांगावं लागतं."

मी पाना तिथेच टेबलावर ठेवला आणि पर्सही ठेवली.

नियम मी केले. रोज दुपारी माझ्या घरी, माझ्या जेवणाच्या टेबलावर. आधी मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं, म्हणजे ते कोरं होईल. मी पानावर लिहिलंय तेवढंच करणार, जास्त काही नाही. मी मोठ्यानं बोलणार, ती गप्प बसून ऐकणार. शेवटच्या नियमाचं सुख मी शब्दांत सांगू शकत नाही.

"'बटण दाबा.' कुठलं? इथे दोन आहेत. मी हात जोडून बसलेय."

"'आपण मघाशी पाहिलंच.' आपण कोण? मी तर आत्ता आले."

"'साहजिकच कापड जास्त लागेल.' मला नाही साहजिक वाटत. खोड ते."

ती ओठ आवळून समोर बसायची. कधी टेबलाची कड धरायची. एकदा तर उठून माझ्या बाल्कनीत गेली, तिथे बाहेरच्या हवेला काहीतरी भराभर समजावून सांगितलं आणि परत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी धडा बदललेला असायचा. 'साहजिकच' सगळीकडून गेलं होतं. दुमड परत आली होती, का ठेवायची त्या कारणासकट. आणि अधूनमधून एक नवाच सूर ऐकू यायला लागला होता. 'आता तुम्ही म्हणाल, हे कशाला? तर ऐका.' ते 'हे कशाला' माझं होतं. माझं तोंड तिनं पानावर आणून बसवलं होतं!

"विचारलंस का मला?" मी म्हणाले.

तिनं हाताची घडी घातली आणि गप्प राहिली. नियम माझाच होता.

एका दुपारी धड्यात आलं, 'आता तुमच्या स्वतःच्या खिडकीचं माप घाला.' मी टेप आणली, स्वयंपाकघराची खिडकी मोजली, आकडे बदलले आणि बटण दाबलं. उत्तर आलं. माझ्या खिडकीचं, माझ्या पडद्याचं उत्तर, मी विचारलेलं आणि मला मिळालेलं. मला फार आनंद झाला. या वयात असा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. मी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही, पण बेडरूमची खिडकीही मोजून आले.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून, पण कडाक्याचं. आता धडे गुळगुळीत झाले होते. कुठेही लाल येत नव्हतं. वहिनी खूश होती. मी म्हणाले, "हे चालणार नाही. लाल आणायला हवं."

ती नियम विसरली. "वेड लागलंय का? त्या लालनंच तर माझी वाट लावली!"

"आणि हे लोक घरी जाऊन स्वतःचं काही लिहितील तेव्हा लाल येईलच की नाही? तेव्हा तू मागच्या खुर्चीत असणार आहेस? चढावर गाडी बंद पडली तर काय करायचं हे येत नसताना मी एकाही माणसाला पास केलेलं नाही. भल्याभल्यांनी हातापाया पडून पाहिलं."

ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि काही न बोलता लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. पहिल्या धड्याच्या मध्यावर नवा परिच्छेद होता. 'पुढची चौकट मी मुद्दाम मोडकी ठेवली आहे. बटण दाबा, लाल अक्षरं येतील. ती रागावलेली नाहीत. मशीन एवढंच विचारतंय, की पट्टे, म्हणजे पडद्याला जोडायचे कापडाचे तुकडे, किती? आपण त्याला सांगितलेलं नाही. वरच्या रिकाम्या ओळीत सांगा आणि पुन्हा दाबा. एकदा मीही असंच सांगायला विसरले होते, आणि बारा माणसं अडून बसली होती. डोकं त्यांचं उत्तम होतं.'

मी बटण दाबलं. लाल आलं. वर जाऊन 'पट्टे = 2' लिहिलं आणि पुन्हा दाबलं.

"पास," मी म्हणाले. आमच्या इतक्या वर्षांच्या नात्यात हा शब्द मी तिला पहिल्यांदाच वापरला असेन. ती काही बोलली नाही, पण जाताना माझा पंखा नीट का फिरत नाही ते तासभर समजावून गेली.

दुसऱ्या परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले. आत नातेवाइकांना मज्जाव होता. मी बाहेरच्या बाकावर बसले, मधे काचेची भिंत. संचालक म्हणाले, "मोडकी चौकट कशाला ठेवलीत? वाईट दिसतं ते." वहिनीनं त्यांना उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात घड्याळ लावलं गेलं आणि तिला गप्प व्हावं लागलं.

माणसं नवीन होती. पहिल्या रांगेत कुलपं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, जाड बोटांचे, एकेक अक्षर शोधून दाबणारे. दुमडीची चौकट आली. काचेपलीकडे वहिनीनं डोळे मिटले. मी नाही मिटले, मला सवय आहे. सगळ्यांकडे उत्तर आलं. मग मुद्दाम ठेवलेलं लाल आलं. कोणी हसलं, कोणी मान डोलावली, आणि सगळे पुढे गेले.

शेवटाच्या जरा अलीकडे कुलूपवाले थांबले. धड्यात नसलेलंच काहीतरी ते लिहीत होते. त्यांना पडद्याला अस्तर लावायचं होतं, धडा अस्तराबद्दल काही म्हणत नव्हता. त्यांनी आपल्या मनानं 'कापड + अस्तर' लिहिलं, बटण दाबलं, आणि लाल अक्षरं आली. वहिनी खुर्चीतून अर्धी उठली. तिचा हात तोंडावर होता. मीही बाकाच्या कडेला आले होते, नसलेल्या ब्रेकवर पाय दाबून.

त्यांनी लाल अक्षरांकडे पाहिलं. ओठ हलले. दार किलकिलं होतं, म्हणून मला ऐकू आलं. "हां. अस्तर किती ते मी कुठे सांगितलं?" मग एक बोट हळूहळू वर गेलं, एक ओळ लिहिली, बटण दाबलं. उत्तर आलं. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

संचालक त्यांच्या पाठीशी उभे होते. त्यांनी वाकून कॉम्प्युटरवरचं उत्तर वाचलं. मग वहिनीकडे पाहून त्यांनी मान हलवली, होकाराची.

बाहेर आल्यावर वहिनी माझा हात धरून जिन्यातच बसली. खाली टायर ठोकल्याचा आवाज येत होता. "वन्सं," ती म्हणाली, "कोणी मला काही विचारलंच नाही." आणि रडायला लागली. मलाही रडू आलं. आलं तर आलं, त्यात काय?

घरी पोचलो तेव्हा दादानं टेबलावर चहाचे तीन कप मांडून ठेवले होते. आमचे चेहरे बघून त्याला सगळं समजलं होतं. तो म्हणाला, "झालं?"

"काय झालं?" वहिनी म्हणाली. "नीट सांगा. मी कोरी आहे असं समजा."

दादाचा हात चष्म्याकडे गेला. तिथून तो परत खाली आला. माझ्यासमोर त्याला अवघडल्यासारखं होत होतं, ते दिसत होतं. मी उठून जायला हवं होतं, पण मी नाही उठले.

"तुझे धडे राहिले," तो म्हणाला. "मला फार बरं वाटलं." त्यानं चहाचा कप तिच्या हातात दिला. "तू लिहितेस ते मला आवडतं. लाल आलं की वाटायचं, तुला सांगितलं तर तू हिरमुसशील. म्हणून मी गुपचूप दुरुस्त करायचो. मला तुझा फार अभिमान वाटतो. तुला ते माहीत असेल असं मी धरून चाललो होतो."

वहिनीनं कप खाली ठेवला.

"नव्हतं माहीत," ती म्हणाली. "कुठे सांगितलं होतंत?"

मग ती खुर्ची पुढे ओढून बसली आणि त्याला म्हणाली, "पुन्हा म्हणा. पहिल्यापासून."